मोठा पाहुणा मिळाला नाही म्हणे

सकाळपासून फॅमिली ग्रुपवर एकच रडगाणं. "कार्यक्रम झकास झाला, पण पाहुणा जरा मोठा आणायला हवा होता." तिथं बोललो तर दाजी रुसतील, म्हणून इथं लिहितोय.

काल भाचीच्या केमिस्ट्री डिपार्टमेंटचा पदवी वितरण समारंभ होता. पाहुण्या म्हणून त्याच डिपार्टमेंटच्या एक जुन्या विद्यार्थिनी. सांगलीतच एका लॅबमध्ये हळद तपासतात. स्कूटीवरून आल्या, त्याही वेळेच्या दहा मिनिटं आधी. हाच बहुतेक त्यांचा गुन्हा!

आता माझं ऐका. 1996. आमच्या वेळी पदवी घ्यायची तर कोल्हापूरला, शिवाजी विद्यापीठात. कॉलेजात नुसता बक्षीस समारंभ. केमिस्ट्रीत मी पहिला आलो होतो. आण्णा जतकडच्या आमच्या गावातून एसटीनं आले, धुतलेलं धोतर नेसून. कार्यक्रम दोनचा. 'मोठे' पाहुणे उगवले सव्वापाचला. आमच्या गावाची शेवटची गाडी सहाला.

असो. कालच्या बाई बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा शेजारचे गृहस्थ म्हणाले, "कोण ह्या?" खोटं कशाला बोलू, पहिली पाच मिनिटं मीही मोबाईलच बघत होतो. मग त्यांनी हरिपूरच्या पेवांचा विषय काढला आणि मोबाईल खिशात गेला. नदीकाठच्या जमिनीत खोल खणलेली ती पेवं, त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची. 2005 च्या महापुरानं त्यांची पार वाट लावली. बाई म्हणाल्या, पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. आधी कंदील सोडायचे. विझला तर थांबायचं. आतला ऑक्सिजन संपलेला असतो, म्हणून तर किडा जगत नाही, आणि माणूसही जगणार नाही. मग भेसळीवर आल्या. हळदीच्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले की गुलाबी रंग येतो. पाणी वाढवल्यावर तो गेला तर हळद, तसाच राहिला तर मेटॅनिल यलो, म्हणजे भेसळीचा पिवळा रंग. सगळं भाषण वीस मिनिटांत. पोरं पुढं सरकून ऐकत होती. मागच्या रांगेतले पालक मात्र जेवणाचं काउंटर उघडलं का ते बघत होते.

आमच्या त्या साहेबांनी चाळीस मिनिटं घेतली. सहकार, ऊसदर, दिल्लीतली त्यांची ओळखपाळख. केमिस्ट्रीचा 'के' नाही. माझं नाव पुकारलं तेव्हा मी स्टेजवरून आण्णांची खुर्ची बघितली. त्यावर दुसरंच कुणीतरी बसलं होतं.

हो, मान्य आहे, मोठा माणूस आला की कॉलेजच्या पदरात काहीतरी पडतं. पडू दे की. त्यासाठी वेगळा दिवस काढा, हार घाला, फेटा बांधा, काय वाट्टेल ते करा. पोरांच्या दिवशी कशाला? आणि दाजी, तुम्ही हे वाचणारच आहात म्हणून विचारतो, दोन वर्षं पोरगी रात्री अकरापर्यंत रिॲक्शन मांडून बसायची तेव्हा तुमच्या त्या मोठ्या पाहुण्यांपैकी कोण आलं होतं हो चहा घेऊन?

जाऊ दे. जास्त झालं. दाजी माणूस वाईट नाही, फीसाठी त्यांनी म्हैस विकलेली मला माहीत आहे. त्यांना पोरीचा फोटो पेपरात यायला हवा होता, एवढंच.

पण काल बाई कंदिलाचं सांगत होत्या आणि मला आमची विहीर दिसत होती. गाळ काढायला उतरायच्या आधी आण्णा दोराला कंदील बांधून खाली सोडायचे. मी विचारायचो, का? ते म्हणायचे, "खाली वारं हाय का बघतोय." चौथी शिकलेला माणूस. पुढं तीन वर्षं केमिस्ट्री शिकलो, पण एकाही सरांनी मला ती विहीर आठवून दिली नाही.

त्या दिवशी आण्णा सहाच्या गाडीनं गेले. कालचं भाषण असतं तर गाडी सोडून स्टँडवर झोपले असते.