ब्रीदर बुजवू नका, मामा

परवा पिंपळगावहून मामांचा फोन आला. "भाचे, जीपची गळती गेली बघ. तीस रुपड्यांत!" पाठोपाठ ज्या मेसेजवरून त्यांनी इलाज केला तोही आला. 'जुन्या जीपच्या मागच्या हौसिंगची गळती कायमची बंद', आणि वर अनेक वेळा फॉरवर्ड झाल्याचा शिक्का. हाच मेसेज मला आधी तिघांनी धाडला होता, तेव्हा हसून सोडून दिला. रविवारी मामांच्या जीपखाली गोणपाट टाकून शिरलो आणि हसू गेलं.

हौसिंग म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला, गिअर आणि तेल असलेला लोखंडी डबा; त्याला बोल्टांनी कव्हर बसवलेलं असतं. मेसेज सांगतो ते असं: कव्हरखाली पॅकिंग घालू नका. हौसिंग आतून रॉकेलने धुवा. नव्वद नंबरऐवजी १४० नंबर ऑइल टाका, वर थोडं ग्रीस कोंबा. पान्याला पाईप लावून बोल्ट जाम आवळा. कव्हरच्या कडेने एम-सील फासा. आणि हौसिंगवरच्या बारक्या टोपीतूनही तेल पाझरतं, तेव्हा तीही एम-सीलने बुजवा.

ती टोपी म्हणजे ब्रीदर, हौसिंगमधल्या हवेची ये-जा होण्याची वाट. तिच्यापासूनच सुरू करतो, कारण प्रकरण जीवावरचं आहे.

क्राऊन-पिनियन, म्हणजे इंजिनाचा फेर चाकांकडे वळवणारे दोन गिअर, तेलात घुसळत फिरतात, तेल तापतं, वरची हवाही तापते. सकाळी ३० अंशांवर असलेली हवा भरल्या गाडीने घाट चढताना ९० अंशांवर गेली आणि वाट बंद असली, तर आतला दाब साधारण पाचव्या हिश्शाने वाढतो. ऑइल सील तेल अडवायला असतात, असा दाब झेलायला नव्हे. मग तेल पुढच्या बाजूच्या पिनियनच्या सीलमधून येतं, कव्हरच्या कडेतून येतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे अॅक्सलच्या दोन्ही टोकांनी ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं. लायनरला गिअर ऑइल लागलं की मागचा ब्रेक गेलाच समजा. मामा ह्याच जीपने महिन्यातून एकदा कसारा घाट उतरतात.

उलटंही होतं. तापलेली जीप पावसाळ्यात कादवा नदीच्या फरशीवरून पाण्यात घातली की हौसिंग झटकन गार होतं, आतली हवा आकसते आणि जिथून जमेल तिथून पाणी ओढून घेते. मग प्लग उघडल्यावर ताकासारखं पांढरं तेल निघतं.

आणि ब्रीदरमधून तेल का येतं? बहुधा तेल जास्त भरलेलं असतं म्हणून. ह्या हौसिंगमध्ये अडीच पाईंट, म्हणजे जेमतेम १.२ लिटर तेल लागतं. भरायच्या भोकाच्या खालच्या काठाशी तेल आलं की थांबायचं. मामांनी गाडी उतारावर उभी करून दोन लिटर रिचवलं होतं!

रॉकेलचं म्हणाल तर इथे माझ्या मताचा प्रश्नच नाही. मामांची गाडी सीजे-३बी. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ला बंद झालं, आपल्याकडे महिंद्रने पुढे बरीच वर्षं चालवलं. त्यामुळे विलीज ह्या मूळ अमेरिकन कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल आजही हिला लागू पडतं. त्यात स्वच्छ लिहिलंय की हौसिंग न खोलता आतून धुवायचं तर हलकं इंजिन ऑइल किंवा फ्लशिंग ऑइल वापरा. पाणी, वाफ, रॉकेल, पेट्रोल वापरू नका. मामांना तो परिच्छेद मोबाईलवर दाखवला. "इंग्रजांचं रॉकेल वेगळं असेल," म्हणाले. आता काय बोलायचं?

ग्रीसबद्दल एवढंच, की फिरत्या क्राऊनवरून ते फेकलं जाऊन भिंतींना चिकटून बसतं, बेअरिंगला पोचत नाही. १४० नंबर जाड, म्हणून सावकाश गळतं हे खरं. पण त्याने फट बुजत नाही. एम-सील तेलकट लोखंडाला धरत नाही, आणि धरलंच तर पुढच्या वेळी कव्हर छिन्नीने काढा.

पॅकिंगबद्दल मात्र मेसेज अर्धा बरोबर आहे, मान्य करतो, नाइलाजाने. कव्हरची कड सपाट असेल तर नुसतं सिलिकॉनही छान धरतं, मी स्वतः तसंच करतो. पण कड सपाट हवी, आणि ती बिघडते पाईप लावून आवळल्यानेच. कव्हर पत्र्याचं. बोल्टाच्या भोकापाशी पत्रा आत दबतो, दोन बोल्टांच्या मध्ये फुगतो, आणि तेल तिथूनच येतं. मामांचं कव्हर टीव्ही-शोकेसच्या जुन्या काचेवर पालथं ठेवलं, तर दहापैकी सहा भोकांपाशी कड काचेला टेकलेली आणि मधून पोस्टकार्ड सरळ आरपार जात होतं. सपाट लोखंडावर धरून हलक्या हातोडीने ती भोकं ठोकत बसलो, पाऊण तास गेला. मग दोन्ही कडा थिनरने पुसल्या, सिलिकॉनची बारीक अखंड वळी ओढली, प्रत्येक भोकाच्या आतल्या अंगाने. बोल्ट आधी हातानेच, तासाभराने समोरासमोरचे धरून साध्या पान्याने. तेल दुसऱ्या दिवशी.

हे सगळं करण्याआधी गळती नक्की कव्हरचीच आहे का ते बघायला हवं होतं. पिनियनच्या सीलचं तेल चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे येतं आणि कव्हर बदनाम होतं. हौसिंग कोरडं पुसून मामींची टाल्कम पावडर उडवली आणि वणीच्या रस्त्याला चक्कर मारून आलो. कव्हरची पावडर कोरडी. पिनियनखाली ओला ओघळ.

म्हणजे मूळ गळती कव्हरची होती की ब्रीदर बुजवल्यावर सील गेलं, हे आता देवालाच माहीत. सील बदलायला नट खोलावा लागतो, तो पुढच्या रविवारी. टोपीवरचं एम-सील मात्र पहिल्याच रविवारी, कव्हर खोलायच्या आधी, खरवडलं होतं. मामांनी नुकतीच बाजारातून आणून उभी केलेली तापलेली गाडी, टोपीखाली तार घातली, तर फुस्सकन हवा आली आणि मागोमाग तेलाचा फवारा मामांच्या पांढऱ्या सदऱ्यावर. मामा दोन पावलं मागे सरले. मग खिशातून फोन काढून म्हणाले, "मेसेज उलटा फिरवता येतो का रे?"