संविधान चौकात उभं राहायचं राहून गेलं

डिसेंबर आला की आमच्या नागपूरच्या शाळेच्या ग्रुपवर तोच वाद. हिवाळी अधिवेशन, मोर्चे, सीताबर्डीवर जाम. परवा एकानं लिहिलं, "काहून रस्ते अडवता बे? शहराबाहेर मिहानकडे एक मैदान द्या यांना, तिथं ओरडा म्हणा." खाली अंगठेच अंगठे. मी ट्राममध्ये वाचलं आणि डोकंच फिरलं.

इथं बर्लिनमध्ये सभा जाहीर करण्याच्या 48 तास आधी पोलिसांना कळवायचं. परवानगी मागायची नाही. गाड्या वळवणं हे पोलिसांचं काम. गेल्या शनिवारी आमची ट्राम अलेक्झांडरप्लात्सच्या अलीकडेच थांबली. लोक उतरले आणि चालू लागले, कोणी चकार शब्द काढला नाही.

मिहानात ओरडलेलं विधानभवनात कोणाला ऐकू जाणार? 1953च्या नागपूर करारामुळे सरकार दरवर्षी आपल्या दारात येतं, ते विदर्भाचं ऐकायलाच ना? मारबतीच्या मिरवणुकीला इतवारी, महाल बंद असतं, बडग्यांवर, म्हणजे पुतळ्यांवर, महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांचा उद्धार असतो. तेव्हा याच ग्रुपवर कौतुकानं फोटो येतात. मग चिडायचं फक्त खेड्यातून आलेल्यांवर? 23 नोव्हेंबर 1994ला गोवारी समाजाचा मोर्चा असाच अडवला होता. चेंगराचेंगरीत 114 जीव गेले, त्यात कितीतरी बाया न् लेकरं. त्यांचं स्मारक बर्डीतच आहे, आपण रोज त्याच्या बाजूनं जातो.

हे सगळं मी तावातावानं लिहिलं. एका मैत्रिणीनं एवढंच विचारलं, "तू कधी गेली होतीस मोर्चात?"

नाही गेले. टेकडी रोडवर बाबांच्या स्कूटरवर मागे बसले होते. रस्त्याच्या कडेला एक म्हातारी फडक्यातली भाकर न् ठेचा खात होती. चपला हरवू नयेत म्हणून मांडीखाली दाबून ठेवल्या होत्या. बाबा हॉर्न वाजवत होते. मलाही वाटत होतं, सरकावं तिनं, शिकवणीला उशीर होतोय.

जर्मन घटनेचं कलम 8 सभेचा हक्क 'सर्व जर्मनांना' देतं. मला तो इथं साध्या कायद्यानं मिळालाय. आपल्या कलम 19नं तो मला नागरिक म्हणून थेट घटनेतच दिला होता, आणि चोवीस वर्षं नागपुरात राहून मी एकदाही मोर्चे-धरण्यांच्या त्या संविधान चौकात उभी राहिले नाही. आता इथल्या नागरिकत्वाचा अर्ज भरून टेबलावर पडलाय. तो मंजूर झाला की भारताचं नागरिकत्व जातं. दोन महिने झाले, सही होत नाही.