‘विसरलो’ म्हणायचं नाही

साठी उलटल्यावर तुम्ही विसरता याचं कोणाला काही वाटत नाही. पंचाईत होते ती कबूल केल्यावर. सुनेसमोर एकदा ‘अगं, विसरलोच’ म्हणालात की गॅसचं बटण, घराची किल्ली आणि बँकेचं पासबुक एकेक करून तुमच्या ताब्यातून जातं. तेव्हा विसरा खुशाल, पण रुबाब सोडू नका.

सर्वांत आधी निसटतात ती नावं. चेहरा आठवतो, धंदा आठवतो, नाव तेवढं जिभेवर येऊन बसतं. गोव्यात याची सोय पूर्वजांनीच करून ठेवली आहे: पुरुष भेटला की ‘बाब’, बाई भेटली की ‘बाय’. समजा, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मयड्याच्या केळ्यांचा घड घेऊन एक गृहस्थ समोर उभा राहतो. “काय बाब, ओळखलंत ना?” लगेच “म्हणजे काय!” म्हणा आणि त्याचा हात हातात घ्या. ‘वहिनी कशा आहेत’ हे विचारू नका, त्या असतीलच असं नाही. ‘घरचे’ विचारा. मग हळूच टाका, “यंदा जत्रेला दिसला नाहीत?” जत्रा नाही असा गाव गोव्यात शोधूनही सापडायचा नाही, त्यामुळे हा खडा वाया जात नाही. “फातर्प्याला? अहो, सगळे दिवस होतो!” आला ना ताब्यात? फातर्पा म्हणजे कुंकळ्ळीकडचा, म्हणजे देसाई असण्याचा संभव बराच. तरी आडनाव घ्यायची घाई नको. तोही मघापासून तुम्हाला नुसतं बाबच म्हणतोय, हे ध्यानात आलं का?

खोलीत गेल्यावर ‘कशाला आलो होतो?’ असं झालं तर घाबरू नका. दारातून पलीकडे गेलं की मेंदू आधीच्या खोलीतला विषय आवरून ठेवतो, असं मानसशास्त्रज्ञांना प्रयोगांत दिसलं आहे. तुम्ही तर राजांगण, माजघर, देवखोली असे उंबरठे ओलांडून कात्री आणायला गेलात. दोष असलाच तर घर बांधणाऱ्या पणजोबांचा. फक्त रिकाम्या हाताने परतू नका. सोलांची बरणी उचला आणि कोणी काही विचारायच्या आत “ही इथे कोणी ठेवली?” म्हणून आवाज चढवा.

सकाळी पदेराला, म्हणजे पाववाल्याला, पैसे दिले की नाही ते आठवत नसेल, तर जुनं काढा. तरुणपणीच्या आठवणी सर्वांत चिवट असतात, त्यांचा उपयोग करा. १९८६ च्या जुलैत मांडवीचा पूल कोसळला, मग फेरीबोटीसाठी कसे ताटकळलो, इथून सुरुवात करा. पदेराचा विषय आपोआप बुडतो. श्रोते नवखे असतील तर १९६१ च्या गोवामुक्तीपर्यंतही मागे जा. तुमचा जन्म १९६० चा आहे, हे हिशेब करून बघणारं घरात कोण आहे?

डॉक्टरकडे मात्र अजिबात फिरकू नका. तो बी-१२ आणि थायरॉईड तपासायला सांगेल, झोप कशी लागते विचारेल, रोजच्या गोळ्यांची पुडी उलटीपालटी करून बघेल. त्यातलंच काही निघालं आणि औषधाने बरं झालं, तर इतक्या वर्षांत जमवलेली सबब हातची जायची. कानाचं यंत्रही नको. नाव नीट ऐकूच आलं नाही तर विसरण्याचा प्रश्नच उरत नाही. आणि रोजच्या वाटेवरच वाट चुकू लागलात, सुट्या पैशांचा हिशेब जमेनासा झाला, तर घरचे काळजीत पडतील. त्यांना ‘वय झालं’ म्हणून गप्प करा. तेही बिचारे हेच ऐकायला बसलेले असतात.

यादी तर करूच नका. यादी केली की वस्तू येतात, मग मजा काय? चवथीला माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळाफुलांच्या छताचं, सामान आणायला तोंडपाठ जा. सुपाऱ्यांचा कात्रा, तोरिंग, नारळ एवढं येईलच. राहिलंच तर कांगलां राहू द्या. ती म्हणजे मालकांगोणी. आयुर्वेदात स्मरणशक्तीसाठी तिचीच थोरवी सांगितली आहे. बाजारात यंदा आलीच नाहीत म्हणा. शेजाऱ्याच्या माटोळीत लटकताना दिसली, तर तो पहाटे गेला असेल.