आईच्या देशाकडून हार, वडिलांच्या देशाकडूनही हार

मार्क नवांगानितावासे हे आडनाव इंग्रजी स्पेलिंगवरून वाचले, तर हमखास चुकते, कारण फिजीच्या भाषेत ‘क्यू’ हे अक्षर ‘ङ्ग’ या उच्चारासाठी वापरतात. वडील फिजीचे, आई इटालियन वंशाची आणि स्वतः २००० साली सिडनीत जन्मलेला हा रग्बी खेळाडू २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये फ्लॉरेन्स येथे ऑस्ट्रेलियाकडून पहिला कसोटी, म्हणजे आंतरराष्ट्रीय सामना खेळला. त्या दिवशी इटलीने २८-२७ असा, ऑस्ट्रेलियावरचा आपला पहिलावहिला विजय मिळवला. पुढच्या वर्षी विश्वचषकात फिजीने २२-१५ असे हरवले, आणि गंमत अशी की, ऑस्ट्रेलियाच्या दोन ‘ट्राय’पैकी (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवून गुण मिळवणे) एक त्याने स्वतः केला होता आणि दुसरा फिजीतच जन्मलेल्या त्याच्या सहकाऱ्याने, वुनिवालूने. पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत त्याच्या सेव्हन्स (सात-सात जणांचे रग्बी) संघाची वाट अडवली, तीही फिजीनेच.

त्यानंतर त्याने रग्बी युनियन सोडून सिडनी रूस्टर्स या क्लबकडून रग्बी लीग खेळायला सुरुवात केली. अशा खेळाडूला पैशामागे धावणारा ठरवण्याची रीत मला पटत नाही. हे दोन खेळ दुरून सारखे दिसतात, पण युनियनमध्ये १५ खेळाडू असतात आणि पाडल्यानंतरही चेंडूसाठी झटापट चालूच राहते. लीगमध्ये १३ असतात, पकडलेला खेळाडू उठून चेंडू पायाने मागे सरकवतो आणि सहाव्या पकडीनंतर चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती जातो. त्यामुळे शेवटच्या पकडीआधी चेंडू अनेकदा कोपऱ्याकडे उंच मारला जातो आणि तो झेलायला उडी घेणाऱ्या विंगरवर, म्हणजे कडेच्या खेळाडूवर, सगळा डाव येऊन ठेपतो. नवांगानितावासेचे खरे बळ तिथेच आहे. अंग सीमारेषेबाहेर हवेत असताना हात आत ठेवून चेंडू जमिनीला टेकवणे हे काम दिसायला कसरतीसारखे वाटते, पण त्यात क्षणाचा अंदाज चुकला, तर सगळे फुकट जाते. २०२५ च्या हंगामात त्याने २४ ट्राय केले, जे त्या वर्षी एनआरएल या ऑस्ट्रेलियातल्या मुख्य लीग स्पर्धेत सर्वाधिक होते, आणि वर्षअखेरीस इंग्लंडच्या दौऱ्यावर तो लीगच्या राष्ट्रीय संघाकडूनही खेळला.

हे ‘फिजीचे रक्त’ आहे, असे कौतुकाने म्हणणाऱ्यांचाही मला तितकाच राग येतो. फिजीचे खेळाडू पडता पडता चेंडू सहकाऱ्याकडे सोडतात, एका हाताने पास देतात, हे खरे. पण ते लहानपणापासून सेव्हन्स खेळून कमावलेले असते आणि या मुलाचे तर सगळे शिक्षण सिडनीच्या मैदानांवर झाले आहे. घाम त्याने गाळायचा आणि श्रेय मात्र पूर्वजांच्या बेटाला द्यायचे, हा कुठला न्याय?

२०२७ चा युनियनचा विश्वचषक ऑस्ट्रेलियातच आहे. तेव्हा तो २७ वर्षांचा असेल आणि परत येऊन ऑस्ट्रेलियाची सोनेरी जर्सी मागू लागला, तर निवड समितीने त्याची निष्ठा तपासत बसू नये, उंच चेंडू कोण झेलतो एवढेच पाहावे.