‘जास्त शुक्राणू, जास्त भ्रूण’: डुकरांच्या आयव्हीएफबद्दल फिरणारा चुकीचा मेसेज

सातारा-सांगलीच्या वराहपालकांमध्ये एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: डुकराचं आयव्हीएफ (म्हणजे शरीराबाहेर, डिशमध्ये स्त्रीबीज फलित करणं) गाईपेक्षा सोपं, कत्तल झालेल्या माद्यांचे अंडाशय बर्फात आणा, स्त्रीबीजं 24 तास पिकवा, कृत्रिम रेतनाच्या वीर्याची बाटली सढळ हाताने ओता, मादीत एक-दोन भ्रूण सोडा. यावर विसंबून कुणी पैसे घालू नयेत.

आधी बर्फ. डुकराच्या स्त्रीबीजात चरबीचे थेंब गच्च भरलेले असतात, म्हणून ते सूक्ष्मदर्शकाखाली काळपट दिसतं. 15 अंशांखाली ते बिघडतं आणि पुन्हा ऊब देऊन सुधारत नाही. अंडाशय 30 ते 35 अंशांच्या सलाईनमध्ये, थर्मासमध्येच आणावेत. मिरजेहून साताऱ्याला येताना अडीच-तीन तास रस्त्यातच जातात, तेव्हा थर्मास आधी गरम पाण्याने तापवून घ्या.

24 तास हा गाईचा हिशेब. डुकराला 42 ते 44 तास लागतात: पहिले 20-22 तास हार्मोनसह, उरलेले हार्मोनशिवाय, सुमारे 38.5 अंशांवर.

एक-दोन भ्रूणांनीही भागत नाही. साधारण बाराव्या दिवशी गर्भाशयात किमान चारेक जिवंत भ्रूण नसतील, तर मादीचं शरीर गर्भ धरून ठेवत नाही. प्रयोगशाळेतले बरेच भ्रूण वाटेत गळतात, म्हणून सोडताना कितीतरी जास्त लागतात.

सगळ्यात घातक सल्ला आहे तो बाटली ओतण्याचा. रेतनाच्या एका डोसात 200 ते 300 कोटी शुक्राणू असतात. मादीच्या बीजनलिकेत त्यातले मोजकेच स्त्रीबीजापर्यंत पोचतात, कारण बाकीचे वाटेत अडवले जातात. शिवाय नलिकेतल्या स्रावाने स्त्रीबीजाचं कवच चिवट होतं. डिशमध्ये यातलं काहीच नसतं. सगळे शुक्राणू एकदम तुटून पडतात आणि एकाच स्त्रीबीजात दोन-तीन शिरतात. यालाच पॉलिस्पर्मी म्हणतात, आणि डुकराच्या आयव्हीएफचं खरं दुखणं हेच आहे.

गोम अशी की असे सदोष भ्रूणही कधीकधी ब्लास्टोसिस्टपर्यंत (गर्भाशयात रुजण्याआधीच्या पोकळ गोळ्याच्या अवस्थेपर्यंत) वाढतात. नुसते ब्लास्टोसिस्ट मोजले तर काम छान चाललंय असंच वाटतं, आणि पिल्लं मात्र होत नाहीत.

समजा, 100 पैकी 80 स्त्रीबीजांत शुक्राणू शिरले, पण त्यातल्या 40 मध्येच एकेक. शुक्राणूंची मात्रा कमी केल्यावर 60 मध्येच शिरले, पण 45 मध्ये एकेक. कमी मात्राच सरस ठरली. प्रत्येक नराची योग्य मात्रा वेगळी असते, म्हणून धुतलेल्या शुक्राणूंची मिलिलिटरला 1, 2.5 आणि 5 लाख अशी चाचणी करा. 10-12 तासांनी काही स्त्रीबीजं एक भाग ॲसेटिक ॲसिड आणि तीन भाग अल्कोहोलच्या मिश्रणात दोन दिवस ठेवून ऑर्सिन या रंगद्रव्याने रंगवा. आत दोन प्रोन्यूक्लियस (एक स्त्रीबीजाचं, एक शुक्राणूचं केंद्रक) दिसले तर ठीक. तीन किंवा जास्त दिसले तर मात्रा उतरवा. कुणी प्रयोगशाळेची सेवा विकायला आलं, तर ब्लास्टोसिस्टच्या फोटोंआधी ही मोजणी दाखवायला सांगा.