गोंगमिन राजा शोकाने वेडा झाला होता का?

कोरियन मालिकांच्या चाहत्यांमध्ये एक मजकूर सतत फिरत असतो: कोरियातील गोर्यो राज्याचा राजा गोंगमिन (कारकीर्द १३५१ ते १३७४) राणी नोगुकच्या मृत्यूने वेडा झाला, एका भिक्षूच्या हाती राज्य सोपवून विलासात बुडाला आणि त्यामुळेच गोर्यो राजवट संपली.

राणी १३६५ मध्ये बाळंतपणात वारली आणि राजा खचला, हे खरे आहे. तिच्या स्मृतिमंदिरासाठी त्याने प्रजेला वेठीस धरले, याचे समर्थन करता येत नाही. परंतु १३६७ मध्ये सोंगग्युनग्वान ही विद्यापीठासारखी संस्था नव्याने उभी राहिली, १३६९ मध्ये मंगोल युआन दरबाराची कालगणना सोडून चीनच्या नव्या मिंग राजवटीशी संबंध जोडले गेले, १३७० मध्ये सेनापती यी सोंगग्येच्या सैन्याने सरहद्दीपलीकडच्या लियाओडोंग प्रदेशावर स्वारी केली. हे सारे राणीच्या मृत्यूनंतरचे आहे. वेड्याच्या कारकिर्दीत अशी आखीव धोरणे दिसत नाहीत.

भिक्षू सिन दोनची निवडही भ्रमातून झालेली नव्हती. १३५६ मध्ये राजाने युआन सम्राज्ञी गीचा भाऊ गी चोल याचा काटा काढला आणि युआनच्या ताब्यातला सांगसोंगचा प्रदेश परत घेतला, तरी बड्या घराण्यांची पकड सुटली नाही. त्यांच्याशी नातेसंबंध नसलेला माणूस त्याला हवा होता. १३६६ मध्ये सिन दोनच्या अधिकारात नेमलेल्या कचेरीने बळकावलेल्या जमिनी आणि जबरीने गुलाम केलेली माणसे परत करण्यास राजधानीत १५, तर प्रांतांत ४० दिवसांची मुदत दिली. १३७१ मध्ये राजानेच त्याला देहदंड दिला. म्हणजे लगाम राजाच्याच हाती होता.

राहिला शेवटच्या वर्षांतील स्वैराचार. त्याचे वर्णन मुख्यतः ‘गोर्योसा’ या गोर्योच्या इतिहासग्रंथात आहे, आणि तो ग्रंथ गोर्योला हटवणाऱ्या जोसन राजवटीत १४५१ मध्ये पूर्ण झाला. गोंगमिननंतर गादीवर आलेला त्याचा मुलगा उ हा सिन दोनचा मुलगा ठरवून त्याला गद्दारांच्या चरित्रांत बसवणे हे त्या राजवटीच्या सोयीचे होते. सर्वच खोटे असेल असे नव्हे. राजाची हत्या तर राजवाड्यातल्याच माणसांनी केली. पण असा साक्षीदार तपासूनच घ्यावा लागतो.

गोर्यो १३९२ मध्ये, म्हणजे गोंगमिननंतर १८ वर्षांनी आणि आणखी तीन राजांनंतर संपले. मधल्या काळात जपानी चाच्यांचे हल्ले चालूच होते आणि १३८८ मध्ये मिंगवर पाठवलेले सैन्य विह्वादो बेटावरून मागे फिरवून पुढे जोसन राजवट स्थापन करणाऱ्या यी सोंगग्येने सत्ता हाती घेतली. त्याच्या गटाने १३९१ मध्ये जमिनीचे फेरवाटप केले आणि बड्या घराण्यांचा आर्थिक कणा मोडला. गोंगमिनला जे साधले नव्हते, ते हेच.