छापखान्याच्या पेटीतली नागपूरची खासदारकी

परवा जेवताना भाचा म्हणाला, "मामा, नागपूर तर पहिलेपासूनच भाजपचं आहे ना? संघाचं हेडक्वार्टरच इथं."

पोरगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पहिलं मत त्याने २०२४ ला दिलं. कळायला लागल्यापासून त्याने खासदार एकच पाहिला, गडकरी. त्यामुळे त्याला काय बोलणार. पण दिल्ली-मुंबईहून येणारे मोठमोठे पत्रकारही हेच सांगून राहिलेत. संघाच्या रेशीमबागेपुढे कॅमेरा लावायचा, मग तर्री-पोह्याची प्लेट दाखवायची आणि म्हणायचं, संघाचा बालेकिल्ला. झालं नागपूर.

मी भाच्याला हात धुवायला लावले आणि माळ्यावरची पेटी खाली काढायला सांगितली.

आमच्या बाबांचा नागपूरच्या महाल भागात छापखाना होता. एक ट्रेडल मशीन, दोन कंपोझिटर, आणि कंपोझिटर आला नाही की अक्षरांचे खिळे जुळवायला बाबा स्वतः. वर्षभर लग्नपत्रिका, तेरवीची कार्डं, किराणा दुकानांची बिलबुकं. खरी कमाई इलेक्शनची. सगळ्या पक्षांची पत्रकं आमच्याकडे छापली जायची. एकाचा माल सुकत असताना दुसऱ्याचा माणूस आला, तर त्यावर जुना पेपर पसरायचा, एवढीच काय ती गोपनीयता. बाबांचा एक नियम मात्र पक्का होता, अपक्षाचे पैसे आधी. हा नियम एकदा मोडला, तेव्हा पडलेल्या एका उमेदवाराची वीस हजार पत्रकं पुढे दोन पावसाळे आमच्या घरी शेगडी पेटवायला कामी आली.

पेटीत निवडणूक चिन्हांचे ब्लॉक आहेत. लाकडी ठोकळ्यावर ठोकलेले जस्ताचे ठसे, आगपेटीएवढे. बैलजोडी, गाय-वासरू, पंजा (तिन्ही काँग्रेसचीच, वेगवेगळ्या काळातली), पणती (जनसंघाची), सिंह, हत्ती (बसपाचा), कमळ. अजूनही बोटाला काळी शाई लागते. भाच्याला म्हटलं, हात लावून बघ, कोणता ठसा जास्त झिजला ते सांग. पंजाचा झिजून इतका सपाट झालाय की बोटं एकमेकांना चिकटली आहेत. बैलजोडीतल्या एका बैलाचं शिंग गेलंय. कमळाची पाकळी न् पाकळी मात्र शाबूत. आमचं ट्रेडल १९९८ ला बंद पडलं. तोवर नागपुरातून लोकसभेवर कमळ निवडून आलं होतं फक्त एकदा, १९९६ ला. त्यानंतर थेट २०१४.

संघ स्थापन झाला १९२५ ला, आमच्या छापखान्यापासून चालत पाच मिनिटांवर, डॉ. हेडगेवारांच्या घरी. आणि त्याच शहराने पहिल्या लोकसभेपासूनच्या बासष्ट वर्षांत भाजपला एकच खासदार दिला. याला बालेकिल्ला म्हणत असतील तर बाप्पा, मराठीचा कोश बदलावा लागेल.

पहिल्या दोन्ही वेळा, १९५२ आणि १९५७ ला, बैलजोडीवर अनसूयाबाई काळे निवडून आल्या. १९३७ ला त्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेच्या उपसभापती होत्या, आणि ४२ च्या चिमूर-आष्टी प्रकरणात फाशीची शिक्षा झालेल्यांसाठी त्या किती झटल्या ते आजी सांगायची. आजही नागपुरात कुणाला त्यांचं नाव विचारा, दहातले नऊ जण डोकं खाजवतील. त्यांच्यानंतर नागपुरातून एकही बाई लोकसभेवर गेलेली नाही. एकही. इथे मी थोडा थांबतो, कारण बालेकिल्ल्याच्या सगळ्या चर्चेत ही गोष्ट कुणी काढत नाही.

१९५६ ला नागपूरची राजधानी गेली. फाजल अली आयोगाने विदर्भाचं वेगळं राज्य सुचवलेलं, तरी आम्ही आधी मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात. हातात उरलं ते हिवाळी अधिवेशन आणि त्या निमित्ताने रंगवलेले डिव्हायडर. याचा राग नागपूरने कुठे काढला? १९६२ ला लोकनायक बापूजी अणे अपक्ष उभे राहिले, वेगळ्या विदर्भासाठी. वय एक्याऐंशी. देशभर नेहरूंची काँग्रेस, आणि नागपूरने म्हाताऱ्याला दिल्लीला पाठवलं. बाबा तेव्हा दुसऱ्याच्या छापखान्यात शिकाऊ होते. ते म्हणायचे, त्या वर्षी मालक काँग्रेसची पत्रकं छापे आणि घरी जाऊन अण्यांचा प्रचार करे. (याच बापूजींचे नातू श्रीहरी अणे यांना २०१६ ला वेगळ्या विदर्भाच्या आणि मग वेगळ्या मराठवाड्याच्या बोलण्यावरून महाधिवक्तापद सोडावं लागलं. घराण्याने मुद्दा काही सोडला नाही.)

१९६७ ला काँग्रेसचे नरेंद्र देवघरे आले. मग १९७१. हे साल बाबांचं सगळ्यात आवडतं. देशात इंदिराबाईंची लाट, गाय-वासरावर दगड उभा केला असता तरी निवडून आला असता. आणि नागपूरने निवडला सिंह. फॉरवर्ड ब्लॉकचे जांबुवंतराव धोटे. मूळचे यवतमाळचे, दाढीवाले, विदर्भवीर, विधानसभेत पेपरवेट भिरकावून गाजलेले. सिंहाचा ब्लॉक बाबांनी तेव्हाच घाईघाईत करून घेतला होता, म्हणून तो सिंह जरा मांजरासारखा दिसतो. धोट्यांच्या माणसांनी काही तक्रार केली नाही.

पुढची गंमत बघा. १९७७ ला अख्ख्या उत्तर हिंदुस्थानात काँग्रेस साफ झाली, खुद्द इंदिराबाई पडल्या, आणि नागपूरने काँग्रेसचे गेव्ह आवारी निवडले. पारशी माणूस, जनरल मंचरशा आवारींचा मुलगा. इथे पारशी मतं ती किती? जातीच्या गणिताने नागपूर समजावून सांगणाऱ्यांनी आवारींचं नाव जरूर घ्यावं. १९८० ला पुन्हा धोटे आले, पण या वेळी पंजावर. ज्यांच्यावर नऊ वर्षांपूर्वी सिंह छापला, त्यांच्यावर पंजा छापताना बाबा म्हणाले, "ब्लॉक बदलला, माणूस तोच. आपल्याले काय, शाई तेवढीच लागते."

ब्लॉक बदलण्यात खरा उस्ताद मात्र बनवारीलाल पुरोहित. १९८४ आणि १९८९ ला पंजावर खासदार. मग राममंदिराच्या प्रश्नावरून भाजपमध्ये. १९९१ ला कमळावर लढले आणि काँग्रेसच्या दत्ता मेघेंकडून हरले. १९९६ ला कमळावर जिंकले, म्हणजे भाजपचा तो एकुलता एक जुना विजय मिळवला तो काँग्रेसमधून आलेल्या माणसाने. १९९९ ला पुन्हा काँग्रेसकडून रामटेकला लढले, पडले. २००४ ला स्वतःच्या विदर्भ राज्य पक्षाकडून नागपुरात, पडले. २००९ ला पुन्हा कमळावर, पुन्हा पडले. पुढे आसाम, तामिळनाडू, पंजाबचे राज्यपाल झाले. आमचा छापखाना चालू राहिला असता तर त्यांच्या एकट्याच्या जिवावर एक मशीन जास्त घेता आलं असतं.

९६ बद्दल एक बोलायचं राहतं. २३ नोव्हेंबर १९९४ ला हिवाळी अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली, त्यात बायका आणि लहान पोरंच जास्त. सीताबर्डीकडून दुसऱ्या दिवशी जाताना रस्त्याच्या कडेला मी चपलांचा ढीग पाहिला. लहान मापाच्या चपला. त्यानंतर बरीच वर्षं आमच्या घरी तेव्हाच्या काँग्रेस सरकारबद्दल कुणी चांगलं बोललं नाही, आणि आमचं घर तोवर पंजाचं होतं. निकालाचं कारण तेवढंच होतं असं मी म्हणत नाही, आमच्या घरापुरतं सांगतो.

१९९८ पासून काँग्रेसचे विलास मुत्तेमवार सलग चार वेळा. चिमूरहून आलेला माणूस, बाहेरचा म्हणून हिणवलेला. २००९ चा निकाल मात्र नीट बघण्यासारखा आहे. मुत्तेमवार जिंकले जेमतेम चोवीस हजारांनी, आणि हत्तीने लाखावर मतं घेतली. दीक्षाभूमीच्या शहरात हत्ती कुठे वळतो हे बघितल्याशिवाय निकालाचं भाकीत करणारा माणूस मला इंदोऱ्याच्या आंबेडकरी वस्तीतून कधी गेलेलाच वाटत नाही. २०२४ ला वंचितने काँग्रेसच्या विकास ठाकरेंना पाठिंबा दिला, बसपाही आटली, आणि ठाकरेंची मतं पाच लाखांवर गेली.

आता गडकरी. २०१४ ला दोन लाख ८४ हजारांवर आघाडी. २०१९ ला नाना पटोलेंविरुद्ध दोन लाख १६ हजार. २०२४ ला एक लाख ३७ हजार. तीनदा जिंकणं लहान गोष्ट नाही, आणि माणसाने काम केलं हे विरोधकही चहा पिताना कबूल करतात. मेट्रो आली, पूल तर इतके आले की घरी जायला कोणत्या पुलावरून उतरायचं ते ठरवावं लागतं. (सिमेंटचे रस्ते घराच्या उंबरठ्याच्या वर गेले आणि पाणी आत यायला लागलं, ते वेगळं. सप्टेंबर २०२३ च्या पुरानंतर हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.) पण त्यांना पडलेली सगळी मतं कमळाची नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. २०१९ आणि २०२४, दोन्ही वेळच्या विधानसभेत याच मतदारसंघातले पश्चिम आणि उत्तर नागपूर काँग्रेसकडे गेले. पश्चिमचे आमदार तर स्वतः विकास ठाकरेच. अणे, धोटे, आवारी, पुरोहित, गडकरी, ही नावं ओळीने लावली तर पक्षाची रेघ ओढता येत नाही. ओळखीचा, दिल्लीत आवाज काढू शकेल असा माणूस, एवढंच नागपूर बघत आलंय. उद्या गडकरी उभे राहिले नाहीत तर ही आघाडी कुणाच्या नावावर राहील, हे महालातल्या पानठेल्यावर विचारा, रेशीमबागेसमोरच्या कॅमेऱ्याला नको.

आणि नाराजीही बघा. २०२४ ला मतदान जेमतेम चोपन्न टक्के. १९ एप्रिलचं ऊन होतंच, पण याद्यांचा घोळही होता. आमच्याच घरचं सांगतो. आईला ऑटोत बसवून, डोक्यावर ओला दुपट्टा टाकून बूथवर नेलं. तिचं नाव यादीत नाही. पुन्हा बघा म्हटलं, पुन्हा नाही. मात्र बाबांचं नाव होतं, फोटोसकट. बाबांना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. आई परत ऑटोत बसली, दोन चौक काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यायचं मत कोणाले गेलं, तेवढं विचारून ये ना रे."